दुधातली गोळी

“ही बोलत का नाही?” कंपाउंडरने विचारलं.

“विंग्रजी शाळेत शिकलीया,” काका म्हणाले. “आमच्याशी बी कमीच बोलतीया.”

पौडच्या दवाखान्यातल्या बाकावर मी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. खांदे कानांपर्यंत चढले होते आणि ते दोघे माझ्या डोक्यावरून बोलत होते. काकांचं अगदीच चुकत होतं असं नाही. मी एरवीही कमीच बोलायची. पण त्या सकाळी मी गप्प होते ती श्वास नव्हता म्हणून. एक शब्द उच्चारायचा तर एक अख्खा श्वास खर्ची पडत होता, आणि तेवढे श्वास माझ्यापाशी नव्हते.

डॉक्टर आतून आले. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. गळ्याखालच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती तिकडे एकदा पाहिलं आणि सुई मागवली. दंडाच्या कातडीखाली पाण्यासारखं दिसणारं थोडंसं औषध टोचलं.

आधी हृदय उधळलं. हात इतके थरथरायला लागले की बांगड्या वाजू लागल्या. मला वाटलं, मरण म्हणतात ते हेच. आणि मग छातीच्या तळाशी, जिथे आदल्या दिवसापासून काही पोचलं नव्हतं, तिथे थोडी हवा उतरली. पाठोपाठ आणखी थोडी. माझ्या आतली शीळ बारीक होत गेली आणि थांबली. बाहेर चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. त्या मघापासूनच भांडत असणार. मला त्या आत्ता ऐकू आल्या.

“दमा आहे,” डॉक्टर म्हणाले.

“दमा म्हाताऱ्यास्नी होतो, डाक्टर,” काका म्हणाले.

“सगळ्यांना होतो.”

काकांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मला मात्र त्या शब्दाची भीती त्या क्षणी वाटली नाही. मी दंडावरच्या बारीक लाल ठिपक्याकडे बघत बसले होते. एवढ्याशा पाण्याने हे केलं, यावर माझा विश्वास बसत नव्हता.

*

आम्ही घोटावड्याचे, पण मी तिथे राहायला आले ती शाळा संपल्यावर. आई मी लहान असतानाच गेली. वडील लष्कराच्या हिशेबखात्यात, सतत बदल्या; म्हणून मी जबलपूरला नन्सच्या शाळेत, वसतिगृहात वाढले. सीनिअर केंब्रिजची परीक्षा झाल्यावर वडिलांनी मला आपल्या थोरल्या भावाकडे पाठवलं. काका-काकींना मूलबाळ नव्हतं. काकीने पहिल्याच दिवशी मला भाकरी थापायला बसवलं. ती परातीतच फाटली, तेव्हा शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “ऱ्हाऊ दे मड्डम, तू फकस्त खा.” आणि आपल्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा उचलून माझ्या ताटात टाकला. टोमणा आणि माया काकीच्या हातून एकदमच सुटते, हे कळायला मला बराच काळ गेला.

मी आले ते भातझोडणीचे दिवस होते. खळ्यावर पेंढ्या आपटल्या जात, तूस उडे, आणि आंबेमोहराच्या वासाने सगळं गाव भरून जाई. तो वास मला फार आवडायचा. मी मुद्दाम खळ्याच्या कडेला जाऊन उभी राहायची. चौथ्या-पाचव्या दिवशी माझी छाती बंद झाली.

*

मी सावरल्यावर डॉक्टर दवाखान्यामागे गेले आणि पपईचं एक पान देठासकट तोडून आणलं. पातं खुडून टाकलं आणि पोकळ देठ माझ्या हातात दिला. म्हणाले, फुंक. हवा सहज पलीकडे गेली. मग त्यांनी देठ मधोमध चिमटीत दाबला आणि पुन्हा फुंकायला लावलं. माझे गाल फुगले, कान तापले, आणि देठातून नुसती शीळ निघाली. ती शीळ मी ओळखली.

छातीत अशा असंख्य नळ्या आहेत, ते सांगू लागले, झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक होत गेलेल्या, आणि त्यांना स्नायूंचे वेढे असतात. धूळ, तूस, गारठा असं काही खुपलं की ते वेढे आवळतात. सकाळच्या सुईने ती चिमटी सैल केली. मग त्यांनी देठाच्या तोंडात ओल्या कापसाचा बोळा सारला. ही दुसरी भानगड, म्हणाले. नळी आतून सुजते आणि चिकटते. तिथे नुसती चिमटी सोडून भागत नाही, त्याला औषध वेगळं.

सकाळचं औषध अॅड्रेनालिन. ते आपल्या अंगातही आपसूक सुटतं, पायाशी साप दिसला की. हे ऐकून मी थक्क झाले. घाबरलेल्या शरीराचा रस बाटलीत भरून ठेवला होता, आणि त्यानेच माझी घुसमट सोडवली होती.

घरी येताना बैलगाडीत काका तो देठ फुंकत होते. मध्येच दाबून बघत होते. ओसरीवर पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी काकीला सगळं समजावून सांगितलं, निम्मं चुकीचं.

*

त्यानंतर इफेड्रिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या एका रानटी झुडपापासून निघाल्या आहेत असं डॉक्टर म्हणाले. चिमटी सैल करण्याचं त्याच जातीचं काम, पण दमादमाने. गोळी घेतली की श्वास मोकळा होई आणि हात कापत. वडिलांना लिहिलेल्या पत्रातलं माझं अक्षर बघून त्यांनी विचारलं होतं, लेखणी बदललीस का?

हा आजार घरातल्या सगळ्यांना होतो, हे मला तेव्हा उमगलं. माझ्यासाठी खळं घरापासून लांब नेलं गेलं आणि काकांना ओझी वाहत जास्त चालावं लागलं. काकीची घोंगडी गेली; तिच्या लोकरीनेही मला धाप लागायची. शेजारणी काकीला सांगत, पोरीला नजर लागलीया. काकी मीठमोहऱ्या ओवाळी, पण त्या जाळायला अंगणापलीकडे जाई, धूर माझ्याकडे येऊ नये म्हणून. पहाटे मला आडवं होता येत नसे. मग ती माझ्या पाठीला पाठ लावून बसे. बोलत काहीच नसे. तिची पाठ संथपणे वरखाली होई आणि मी माझा श्वास तिच्या श्वासाला जोडायची खटपट करी. तुमच्या घरात कुणाला दमा असेल तर एवढं जरूर करा. ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

*

पुढच्या पावसाळ्यात घराच्या भिंतींना बुरशी धरली आणि गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या. मला पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

दमेकऱ्यांचा वॉर्ड लांबून ओळखू येतो, तिथे कोणी झोपलेलं दिसत नाही. सगळ्या बायका खाटांवर बसलेल्या, पुढ्यात उशी, उशीवर कोपरं. सकाळी तापमान, मग दूध, मग मोठे डॉक्टर आणि त्यांच्या मागून विद्यार्थी. ते विद्यार्थ्यांना माझ्या पाठीतली शीळ ऐकवत. एकामागून एक स्टेथोस्कोपच्या थंड चकत्या पाठीला लागत आणि मी भिंतीकडे बघत राही. त्यांच्यात एक मुलगी होती. ती चकती आधी आपल्या तळहातात धरून ऊब देई आणि मग टेकवी. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर उरवड्याच्या हिराबाई होत्या. मेंढरं राखणाऱ्या, वयाने काकीहून मोठ्या. घरी त्या धोतऱ्याच्या वाळक्या पानांची बिडी ओढायच्या. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना हसण्यावारी नेलं नाही. धोतऱ्यातही नळ्या सैल करणारं काहीतरी आहे, म्हणाले, पण पानागणिक जोर वेगळा, आणि एखादं पान माणसाला भ्रमिष्ट करून सोडतं. “व्हय,” हिराबाई म्हणाल्या, “एकदा मला माजीच मेंढरं लांडग्यावानी दिसल्याली.” वाचणाऱ्यांपैकी कोणी तो प्रयोग करू नये.

आम्हा दोघींना शिरेतून अमिनोफायलिन मिळायचं. ते भराभर देता येत नाही, हृदय बिघडतं. डॉक्टर खाटेच्या काठावर बसत आणि अंगठ्याने सुईचा दट्ट्या इतका हळू सरकवत की तो हलतो आहे हे दिसायचंच नाही. अंगात ऊब चढे, किंचित मळमळे, आणि मग पुन्हा ते नवल: एकेक फांदी उघडल्यासारखी हवा खाली उतरत जाई. औषध दंडातून शिरलं, आणि वाट उघडली छातीत. त्याला तिथवरचा रस्ता कोणी सांगितला? मी हे कोणाला विचारलं नाही. हिराबाई मात्र डोळे मिटून उशीवर रेलून म्हणायच्या, “तुजी हवा पोचली का गं? माजी अजून पिरंगुटाच्या घाटात हाय.”

*

पण मला बरं केलं ते बारीक पांढऱ्या गोळीने. प्रेडनिसोलोन. औषध नवं होतं, महाग होतं, आणि मोठे डॉक्टर ते जपून देत. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर एका सकाळी मी जागी झाले आणि मला चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते जरा वेळाने कळलं. मी आडवी झोपले होते.

नळीच्या आतली सूज उतरवणारं औषध ते हेच. मोठ्या डॉक्टरांनी मला नीट बसवून सांगितलं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारखी बसलेली एकेक लहानशी ग्रंथी आहे. याच जातीचं रसायन ती रोज आपलं आपण तयार करते, आणि त्यावर माणूस तग धरतो. बाहेरून आयतं मिळू लागलं की ती काम सोडून झोपी जाते. म्हणून गोळी कमी करायची ती पावलापावलाने, तिला जागं व्हायला अवसर देत. एकदम थांबवली तर आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही. मग दमा उलटतो, आणि साध्या तापातही माणूस हातचा जातो.

मी कमरेच्या मागे हात लावून बघितला. हाताला अर्थातच काही लागलं नाही. एवढी वर्षं माझ्या आत कोणीतरी न चुकता काम करत होतं आणि मला त्याची खबरही नव्हती.

*

मी परतले ती गुटगुटीत होऊन. गोळीने भूक वाढते आणि चेहरा फुगतो. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, पण घोटावड्यात ते कोणी ऐकलं नव्हतं. गावाला दिसलं ते एवढंच की मड्डम अंगानं भरली. “गाल बघ की, पुरणपोळीवानी,” बायका म्हणत. काकी दुधातुपाचं श्रेय घेई आणि मी तिला ते घेऊ देई. आरशातली मुलगी मला अनोळखी वाटायची.

त्याच गालांवर नांदे गावचं स्थळ चालून आलं. कुठल्याशा लग्नात त्या लोकांनी मला पाहिलं होतं. मुलगा कचेरीत कारकून, घरी भातशेती. झोडणी आटोपली की बघायला येतो, असा निरोप आला. आजारपणाची गोष्ट काकीने बोलू दिली नाही. बरी झालीस ना, म्हणाली, मग सांगायचं काय उरलं?

इकडे पौडचे डॉक्टर माझ्या गोळ्या उतरवत होते. मी ठरल्याप्रमाणे कमी करत होते, पण चेहरा काही उतरेना. डॉक्टर माझ्याकडे बघत आणि दोनदोनदा विचारत, नक्की कमी केल्यास ना? मी मान हलवी. त्यांना ते खरं वाटत नसावं.

त्याच सुमारास संध्याकाळचं दूध कडू लागायला लागलं. मी तसं म्हटलं तर काकी म्हणाली, “शेळीनं कडू पाला खाल्ला असंल.” मी पिऊन टाकलं. काकीने दिलेलं परत करायची माझी छाती नव्हती.

नंतर एकदा दूध पुन्हा गोड झालं. मला बरंच वाटलं. मग अंग मोडून आलं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, आणि काही दिवसांत, भर दुपारी, खळ्यापासून कितीतरी लांब, स्वच्छ सारवलेल्या ओसरीवर माझी छाती बंद झाली. पूर्वी कधी झाली नव्हती तशी. शीळसुद्धा वाजेना. पौडपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. एवढंच आठवतं की काकी गाडीत माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती आणि या वेळी तिचाच श्वास वेडावाकडा चालला होता.

*

डॉक्टरांनी शिरेतलं औषध दिलं, गोळ्याही वाढवून दिल्या, आणि मी माणसात आल्यावर हिशोब मांडला. तो जुळेना. एवढीशी कपात झाली म्हणून असा उलटा फेरा येत नाही, म्हणाले. त्यांनी मला पुन्हा विचारलं, किती घेत होतीस? मी सांगितलं. त्यांनी पुन्हा तोच आकडा विचारला. मला रडू आलं. खरं सांगूनही कोणी मानत नाही तेव्हा येतं तसलं रडू.

काकी दाराशी जमिनीवर बसली होती.

“तिला नका इचारू,” ती म्हणाली. “मी देत हुते. दुधातनं.”

मग तिने सगळं सांगितलं. गाल उतरले तर नांद्याचे लोक नाही म्हणतील ही तिला धास्ती. गालांचं गुपित दुधातुपात नसून गोळीत आहे हे तिने केव्हाच ओळखलं होतं. श्रेय ती शेजारणींपुढे तेवढं घेत होती. बाजाराच्या दिवशी ती पुण्यावरून येणाऱ्या माणसाकरवी गोळ्या मागवी, पाट्यावर वाटी आणि दुधात घाली. पुढे तो माणूस यायचा बंद झाला आणि गोळ्या संपल्या.

“मला वाटलं ताकदीचंच औशद हाय,” ती म्हणाली. “जास्ती दिलं तर चांगलंच.”

डॉक्टर रागावले नाहीत. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि ग्रंथीची गोष्ट तिला तिच्या भाषेत सांगितली. आयतं मिळतंय म्हटल्यावर आतला गडी झोपला, आणि मग तुम्ही बाहेरचंही बंद केलंत. काकी ऐकत होती. शेवटी तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “म्हंजी मी हिला जित्ती ठेवत बी हुते अन् मारत बी हुते?”

“तुम्हाला माहीत नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. “पण ती ज्या घरात जाईल त्या घराला माहीत हवं. तिथे उद्या कुणी म्हणेल, सुनेला कसलं रोजचं औषध, आणि बाटली उचलून ठेवेल. मग गाडी जुंपायलाही वेळ मिळायचा नाही.”

परतताना काकांनी वाटेत दोनदा बैल थांबवले आणि मागे वळून मला बघितलं.

घरी आल्यावर वाद झाला. काका म्हणत, मी सांगतो नांद्याच्या माणसांना. काकी म्हणे, दमेकरी म्हटल्यावर ते उंबऱ्यावरनंच फिरतील आणि नंतर दुसरं कोणी येणार नाही. “त्यांनी इचारलं तर सांगू. न्हाई इचारलं तर आपुन हून कशाला?” अखेर तसं ठरलं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. त्या रात्री मी गोळीची बाटली उजेडात धरून बघितली. इतकं बारीक काहीतरी, ज्यावर एक अख्खा माणूस उभा आहे. ते लपवायचं म्हणजे मला स्वतःलाच लपवायचं होतं.

*

नांद्याचे लोक उन्हं कलल्यावर आले. मुलगा, त्याची आई आणि चुलता. चुलत्याने मला इंग्रजीत काहीतरी बोलून दाखवायला सांगितलं. मी माझं नाव आणि शाळेचं नाव सांगितलं आणि तो खूश होऊन मुलाला म्हणाला, कचेरीतले कागद आता हिच्याकडनंच लिहून घे. मुलगा लाजला. त्याचे कान लाल झाले, तेव्हा तो मला बरा वाटला. म्हणूनच पुढचं अधिक अवघड झालं.

काकी पोह्यांच्या बशा घेऊन आली. मुलाची आई माझ्याकडे निरखून बघत होती. प्रेमळ बाई असावी, तिने माझ्या हनुवटीला हात लावला.

“अंगाची निरोगी हाय न्हवं?” तिने काकीला विचारलं. “म्हना, तोंड बघूनच कळतंय.”

विचारलं होतं. ठरल्याप्रमाणे आता सांगायचं होतं. काकांनी घसा खाकरला आणि ते आढ्याकडे बघायला लागले. काकी हातात बशी धरून तशीच उभी राहिली. मुलाची आई हसतमुखाने उत्तराची वाट बघत होती. आणखी एक क्षण गेला असता तर त्या गप्प बसण्यालाच तिने होकार मानलं असतं.

मी श्वास घेतला. तो तळापर्यंत गेला.

“मला दमा आहे,” मी म्हणाले. “हे गाल गोळ्यांमुळे आलेत, ते उतरतील. गोळी मला रोज लागते, आणि ती कोणी अचानक बंद केली तर मी मरेन.”